काशीचं पान

१

सोनूबाईच्या दारात पोस्टमन यायचा तो काशीसाठी. सोनूबाईला पत्र धाडील असं जगात कुणी उरलं नव्हतं, आणि काशी तर शिमगा झाल्या झाल्या घर सोडून गेलेली. पण भिकू पोस्टमनला त्याचं काय? वाडीच्या फाटकाशी मोटरसायकल भुरभुरत ठेवायची, "काशीबाई रावजी घरत!" म्हणून हाळी द्यायची, आणि लिफाफा पडवीत भिरकावायचा.

"अरे मुडद्या, ती न्हाय हितं!" सोनूबाई आतनं ओरडायची.

"पत्ता हितलाच हाय, काकी! मला पत्त्याचा पगार मिळतो, माणसाचा न्हाय."

लिफाफ्याला पुढे चकचकीत कागदाची खिडकी, आणि खिडकीत काशीचं नाव. सोनूबाई दुसरीपर्यंत शिकलेली. नाव तेवढं बोटानं लावून लावून वाचायची, बाकीच्या भानगडीत पडायची नाही. बाकीचं ठाऊकच होतं. पैसे भरा. आधी गोडीत, मग तांबड्या अक्षरात. वाचून झालं की लिफाफा पाण्याच्या बंबाखाली. ती खिडकी जळताना अशी काही वळवळायची की सोनूबाईला हसू यायचं.

नात्यागोत्याच्या नव्हत्या दोघी. चौलात सुपाऱ्या सोलायला एकाच शेडमध्ये बसायच्या. दोघींच्या मागेपुढे कुणी नाही, काशीची दिवेआगरला एक भाची तेवढी, आणि सोनूबाईचं घर दोन खोल्यांचं, म्हणून काशी चार दिवस राहायला आली ती दहा-बारा वर्षं राह्यली. पुढच्या खोलीत सोनूबाई, मागच्या खोलीत काशीची सुंभाची खाट. मग काशीच्या डोक्यात आलं, की शनिवार-रविवारच्या मुंबईकरांना गार शहाळी विकायची. कर्ज काढून फ्रीझर आणला. खाऱ्या वाऱ्यानं आणि जाणाऱ्या लायटीनं तो दुसऱ्या पावसाळ्यात मेला. हप्ते काही मेले नाहीत. एका सकाळी सोनूबाई उठली, तर खाट मोकळी आणि खुंटीवरची पिशवी नाही. गंजका फ्रीझर तेवढा कोपऱ्यात. सोनूबाई त्यात आता सुक्या झावळ्या ठेवायची.

काशी रोज सकाळी तव्यावर मशेरी भाजायची. त्या तंबाखूच्या धुरानं सोनूबाईला शिंकांवर शिंका यायच्या, आणि ती अंथरुणातनंच काशीच्या सात पिढ्या काढायची. आता घराला कसलाच वास नव्हता. असल्या बिनवासाच्या घरात सकाळचा च्या एकटीनं पिऊन बघा, म्हणजे कळेल.

२

वसुलीला विनेश यायचा. पेणचा गडी, लग्न ठरलेला, गळ्यात कार्ड, बुटात वाळू. सोनूबाईला तो आवडायचा, कारण दुसरं कुणी यायचंच नाही.

एकदा तिनं सांगितलं, काशी परसाकडे गेलीय, बस. तो बसला. पडवीतलं ऊन अंगणात उतरलं तरी बसलेलाच. एकदा सांगितलं, काशी दत्ताच्या डोंगरावर गेलीय. तो सगळ्या पायऱ्या चढून गेला आणि घामानं निथळत, हातात प्रसाद घेऊन परत आला. एकदा तर कहर केला. तो फाटकात दिसला तशी ही मागच्या खोलीत शिरली, आणि खिडकीच्या फटीतनं काशीच्या घोगऱ्या आवाजात बोलली,

"कोन, विनेश काय? सोनू बाजारात गेली. पुढच्या सोमवारी ये, बाळा."

काशी सापडली म्हणून विनेश खूश होऊन गेला. शेजारची प्रणाली कुंपणाआड हसून हसून वाकली. "काकी, डिट्टो काशीकाकी!"

पण थट्टा कळली तसा विनेश एक दिवस बसलाच नाही. उभ्या उभ्याच बोलला. "काकी, पुरे झालं आता. मला वरनं प्रेशर आहे. पत्ता तुमचा, फ्रीझर तुमच्या घरात. साहेब म्हणतायत, दारावर नोटीस लावा. उद्या घराचं काही झालं तर मला बोलू नका."

घराचं नाव निघालं तशी सोनूबाईनं दाराची चौकट धरली. नवऱ्यानं मागे ठेवलेलं तेवढंच. त्या धसक्यात तोंडात येऊ नये ते आलं.

"नोटीस कुनाला लावतोस? काशी मेली."

"काय?"

"मेली रं. आषाढात. दिवेआगरला, भाचीकडं." तिनं पदर डोळ्याला लावला. पदराआड हसू येतंय की रडू, ते तिचं तिलाच कळेना.

"मग दाखला?"

"भाची धाडील तवा धाडील. सर्वपित्रीला पान ठेवनार हाय मी तिच्या नावानं. ये, डोळ्यानं बघ, फोटू काढ."

विनेश विचारात पडला. कर्जाला विमा होता, माणूस गेलं तर कर्ज माफ. दत्ताच्या पायऱ्या त्यालाही पुन्हा चढायच्या नव्हत्या.

"येतो," म्हणाला.

३

थट्टा करायची तर पुरती करायची, हा सोनूबाईचा स्वभाव. तिनं भात केला, वडे तळले, खीर केली, भोपळ्याची भाजी केली. केळीच्या पानावर सगळं वाढलं, आणि काशीचं म्हणून कोपऱ्यात चिमूटभर मशेरी ठेवली. पान विहिरीच्या कठड्यावर.

"काकी, जित्या माणसाचं पान वाढू नका हो," प्रणाली कुंपणापलीकडनं हळूच म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं.

"कावळ्याला काय कळतंय? वडा तो वडा."

दुपारची वेळ. त्या दिवशी चौलातल्या कावळ्यांची चंगळ. ज्याच्या त्याच्या भिंतीवर पान, नि पानावर झुंबड. सोनूबाईच्या विहिरीवर मात्र एक फिरकेना. विनेश मोबाईल धरून उभा, त्याचा हात अवघडला.

मग एक आला. कठड्यावर बसला. पानाकडे बघेचना. मान वाकडी करून, एका डोळ्यानं सोनूबाईकडे बघत राह्यला.

"काशीकाकींची काहीतरी इच्छा राहिली असणार," विनेश म्हणाला. "आमच्या आजोबांच्या वेळी असंच झालं. शेवटी काकांनी धाकट्या आत्याचं लग्न करून देतो म्हणून कबूल केलं, तेव्हा शिवला. तुम्ही पण करा काहीतरी कबूल."

सोनूबाईनं हात जोडले. "काशे, तुझं कर्ज सुटलं समज."

कावळा हलला नाही.

"काशे, मशेरी ठेवलीय बघ. ताजी भाजलीय."

कावळा एक उडी मारून पुढं आला. पानाकडे नाही. तिच्याकडे.

ऊन डोक्यावर तापलेलं. सकाळपासनं चुलीपाशी बसून कंबर मोडलेली. आणि एवढं रांधून ते खायला घरात दुसरं तोंड नाही, हे तिला एकदम जाणवलं. ती काय बोलतेय ते तिला बोलून झाल्यावर कळलं.

"बरं, ये मग घरी. खाट तुझीच हाय. दाराला कडी लावनार न्हाय मी. ये."

कावळ्यानं पानाला चोच मारली.

"घेतला फोटो!" विनेश म्हणाला. "सुटलात, काकी."

सोनूबाई प्रणालीकडे बघून डोळा मिचकावणार होती. पण प्रणाली हसत नव्हती. ती पानाकडे बघत होती. वडे तसेच होते, खीर तशीच, भात तसाच. मशेरी तेवढी गेली होती.

४

मग एका सकाळी सोनूबाईला शिंकेनं जाग आली.

"काशे, मेले, तुझा तो धूर..." अर्धवट झोपेत ती बोलली, आणि तिचे डोळे टक्क उघडले.

घरभर मशेरीचा वास. ती उठली. तवा खिळ्याला टांगलेला. हात लावला, थंडगार. चूल पेटलेली नव्हती.

तिनं कुंपणाशी जाऊन विचारलं. "प्रणाली, तुझी सासू मशेरी लावाया लागली काय गं?"

"आमच्यात कुणी लावत न्हाय, काकी."

मग वाडीतल्या गड्यानं भाजली असेल. वाऱ्याबरोबर येतो वास.

दुपारी मागच्या खोलीत सुंभ करकरलं. काशी कुशीवर वळायची तेव्हा करकरायचं, तसंच. उंदीर असेल. उंदीर चांगले पोसलेत या वर्षी. कौलांवर टक टक झालं. सुपाऱ्या पडल्या असतील. रात्री लावलेली कडी सकाळी निघालेली दिसली. लाकूड दमटलंय, निघते.

एक एक गोष्ट ती अशी जागेवर बसवत होती. पण सगळ्या मिळून बसेनात. मग तिच्या डोक्यात भलतंच आलं, आणि ती एकटीच हसली. काशी परत आलीय! लाजेनं तोंड दाखवत नाही, लपून राह्यलीय, आणि एवढ्या वर्षांच्या थट्टेचं उट्टं काढतेय.

"बरं का गं," ती मोठ्यानं म्हणाली, "च्या ठेवतेय हां मी! दोन कप!"

आणि एकदम जाऊन तिनं मागच्या खोलीचं दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. फ्रीझर, कोपऱ्यातली केरसुणी, खाट. खाटेच्या मधोमध सुंभ खाली गेलेलं, ताणलेलं. माणूस बसल्यावर जातं तेवढं.

ती बघत राह्यली. सुंभ हळूहळू वर आलं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी ती पळाली नाही. तिनं दोन कप च्या केला, आणि दोन्ही कप तिनंच प्यायले.

५

विनेश आला तेव्हा सोनूबाई रेवदंड्याच्या बाजारातनं येत होती. हातात मांदेलीची पिशवी, पायावर धूळ. तो पडवीत बसून एकटाच हसत होता.

"काकी, तुम्ही ग्रेट आहात. खातं बंद झालं, दाखल्याचं साहेबांनीच जमवलं, हे पत्र आणलंय. आता कशाला मेलेल्या बाईचा आवाज काढताय?"

"कसला आवाज?"

"आत्ता खिडकीतनं कोण बोललं मग? 'सोनू बाजारात गेली. पुढच्या सोमवारी ये, बाळा.' मी म्हटलं, आता मागच्या दारानं निघून पुढनं येणार बघ म्हातारी. आणि आलात!"

सोनूबाईनं कमरेची चावी काढली. त्याला घराच्या मागे नेलं. मागच्या दाराला बाहेरनं कुलूप. कुलपाला कोळ्याचं जाळं.

विनेशनं कुलूप बघितलं, तिच्या हातातली मासळी बघितली, खिडकी बघितली. पाणीसुद्धा न पिता गेला. पत्र पायरीवर टाकून. लिफाफ्याच्या खिडकीत नाव तेच, पुढं नवीन एक अक्षर, त्याच्यामागं टिंब. कै.

सोनूबाई पायरीवर बसली. मेलेली काशी बोलली असती तर एक वेळ तिनं समजून घेतलं असतं. पण काशी कुणाला "बाळा" म्हणायची नाही. जन्मात म्हणाली नाही. ती सवय सोनूबाईची. त्या दिवशी खिडकीतनं सोनूबाई बोललेली, तेच शब्द आत कुणीतरी उचलून ठेवलेले.

मग आत होतं ते काशी नव्हतं. आणि काशी खरंच कुठं होती?

६

प्रणालीनं फोन लावून दिला. दिवेआगरला काशीची भाची, रुचिका. दोनदा वाजून बंद पडला. प्रणालीनं पुन्हा लावला. आपण नुसतं तोंडानं बोललो, नुसतं तोंडानं, असं ती मनाशी म्हणत होती.

"हालो," फोनमधनं घोगरा आवाज आला. "कोन ते?"

सोनूबाईनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"कोन गं? बोल की! का तोंडात मशेरी धरलीस?"

"काशे," सोनूबाई म्हणाली, आणि पदर न लावता रडली. "काशे, तू जिती हायस?"

"म्हंजे? मेले असं वाटलं काय तुला? नुसती पडून हाय बघ. अमोशेपासनं अंगात जोर न्हाय. आणि सोनू, मशेरीला चव न्हाय गं. माती लावल्यागत लागते."

सोनूबाईनं कुंपणावरनं आपल्या घराकडे बघितलं. मागच्या खोलीची खिडकी फटभर उघडी होती.

"सोनू, मी येऊ काय गं परत? कर्जाच्या लाजेनं गेले व्हते मी. तुझ्या दारात मानसं येऊन वरडतील, ते बघवलं नसतं. पन हितं करमत न्हाय. रुचिका चांगली हाय, पन शिव्या घालनारं कुनी न्हाय."

"ये. कर्ज सुटलं. ये तू."

"खाट हाय ना माझी?"

सोनूबाईनं त्या फटीकडे पुन्हा बघितलं.

"हाय," ती म्हणाली.

७

काशी यायच्या दिवशी सोनूबाईनं खाट ओढत अंगणात आणली, वर घागरी ओतल्या, उन्हात उभी केली. मागची खोली शेणानं सारवली. उरलेल्या मशेरीचा डबा खाडीत नेऊन टाकला. खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "मी थट्टा केली व्हती. चुकले. जिचं हाय ती येतेय. आता जा."

खोली गप्प होती. स्वच्छ. ओल्या शेणाचा वास. सोनूबाईला वाटलं, झालं.

बोकडाचं मटण शिजत ठेवून ती नाक्यावर जाऊन बसली. काशी दिघीला बोट पकडणार, मग मुरुडवरनं एसटी. एसटी आली. काशी नाही. दुसरी आली, तीतही नाही. नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, "काकी, कोन यायचंय?" तिला सांगायला बरं वाटलं. "आमची काशी यायचीय."

ऊन कलल्यावर ती घरी परतली. फाटकात प्रणाली उभी होती, कपड्यांची बादली तशीच हातात.

"काकी, थट्टेला काही सुमार असतो की न्हाय?"

"काय झालं गं?"

"एवढी आजारी म्हातारी, बोटीतनं, उन्हातनं आली. साळावपासनं सहा आसनी करून थेट फाटकाशी उतरली. आणि तुम्ही दारसुद्धा उघडत न्हाय?"

"काशी आली? कुठं हाय?"

"गेली! तुम्हीच घालवलीत की! खिडकीतनं म्हनालात, 'काशी मेली. आमच्यात एकच काशी, ती आत निजलीय. तू कोन?' ती म्हनाली, सोनू, पुरे गं, पाय दुखतात, उघड. तर तुम्ही हसलात. ती रडायला लागली तरी हसलात. मी कपडे वाळत घालत होते, मी ऐकलं."

"अगं, मी नाक्यावर व्हते."

"आवाज तुमचा होता, काकी."

"प्रणाली, तुझ्या पोरांची शपथ..."

"माझ्या पोरांना मधी आनू नका!" प्रणाली बादली घेऊन निघून गेली.

पायरीवर एक पुडकं होतं. नाचणीचे पापड. काशीनं गाठ मारायच्या पद्धतीनं दोनदा गाठ मारलेलं.

दिवेलागणीला दुसऱ्या एका घरी जाऊन सोनूबाईनं फोन लावून घेतला. रुचिकानं उचलला. "मावशी पोचली," ती म्हणाली. "झोपलीय. आणि ती म्हणते, पुन्हा फोन करू नका." एवढंच. पुढं किती वेळा लावला तरी उचलला नाही.

८

सोनूबाई घरात आली. चुलीवरचं मटण करपलं होतं. अंगणातली खाट अंगणात नव्हती.

मागच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. फटीतनं खाटेची कड दिसत होती. सुंभ अजून ओलं, खाली थेंब पडत होते.

"कोन हाय तू?" सोनूबाई म्हणाली.

खाटेवर कुणीतरी पाठ करून बसलं होतं. डोक्यावरनं पदर. लुगडं काशीचं नव्हतं. सोनूबाईचं होतं, दोरीवर वाळत घातलेलं. मान वळली. माणसाची वळते तशी सावकाश नाही. एक झटका, थांबली. आणखी एक झटका, थांबली. वाकडी झाली. पदराच्या कडेला एक डोळा आला. एकच. तो तिच्याकडे बघत राह्यला.

सोनूबाईनं दार ओढून घेतलं. हात कडीवर गेला.

"कडी लावनार न्हाय म्हनालीस," आतनं सोनूबाईच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं.

हात तिथंच राह्यला. मग खाली आला.

आता भिकूची मोटरसायकल फाटकाशी थांबत नाही, काशीच्या नावाचं काही येतच नाही. विनेशला यायचं कारण उरलं नाही. प्रणाली कुंपणाकडे पाठ करून कपडे वाळत घालते. घराला नोटीस लागली नाही. घर सोनूबाईचंच आहे.

सकाळी मशेरीचा वास येतो. सोनूबाई शिंकते, उठते, चूल पेटवते. दोन कप च्या करते. एक स्वतःला, एक मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर. ठेवताना आत बघत नाही. आपला कप घेऊन पडवीत बसते, आणि फाटकाकडे बघत पिते.

मग आत येऊन तो दुसरा कप उचलते. भरलेलाच असतो. गार झालेला, वर जाड साय धरलेली. आणि सायीच्या मधोमध एक भोक असतं, चोच मारल्यासारखं.